एकच बार : आपल्या भागातल्या शेतराखणीच्या बंदुकीचा इतिहास

हरभरा घाट्यावर आला की दरवर्षी मला एक प्रश्न ठरलेला असतो. "दादा, रोह्यासाठी बंदूक घ्यायची म्हणतो. एकनळी घ्यावी का रायफल?" विचारणारा बहुतेक पंचवीस-तिशीतला असतो. रात्री रोह्यांचा कळप शेतात बसून गेलेला असतो, नाहीतर डुकरांनी भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरलेल्या असतात. डोकं फिरलेलं असतं. काहींना वर नेमबाजीचाही नाद असतो, एक गोळी भरायची आणि एकच नेम साधायचा, त्या जुन्या पद्धतीचं आकर्षण असतं.

मी औंढ्याच्या माळावरचा शेतकरी. बंदुकीतला जाणकार नाही, पण आमच्या घरात परवान्याची बंदूक आहे, आणि तिच्यामुळं या विषयावर थोडं वाचणं, थोडं विचारणं झालं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कोणती बंदूक घ्यावी हे शेतकऱ्यानं आजवर कधी ठरवलेलंच नाही. ते वरच्यांनी ठरवलं, आणि दोनशे वर्षं जवळपास एकच ठरवलं : याच्या हातात एकच बार द्यायचा, आणि नळी आतून गुळगुळीत ठेवायची.

आधी शब्द समजून घेऊ, कारण इथंच निम्मे लोक घोटाळा करतात. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद, मग चिंधी, मग छर्रे असं गजानं ठासून भरायची. मागं बोंडावर टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी फुटते आणि बार निघतो. एकनळी म्हणजे मागून मोडून उघडणारी, तयार काडतूस बसणारी. बहुतेक बारा बोरची. बारा बोर म्हणजे त्या नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, हा जुना हिशोब. या दोन्हीची नळी आतून सपाट. रायफल वेगळी. तिच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळं गोळी गरगर फिरत जाते आणि सरळ, लांब जाते. परवान्याच्या कागदावर एस.बी.एम.एल. लिहिलेलं असतं ती एकनळी ठासणीची, आणि एस.बी.बी.एल. म्हणजे एकनळी मागून भरायची. खेड्यात सगळ्यालाच 'रायफल' म्हणतात, पण कायद्यात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. तो का आला, तेच खरं या लेखाचं पोट.

आपल्या भागातली जुनी बंदूक म्हणजे तोड्याची. सुताच्या धुमसत्या वातीनं कानातली बारूद पेटवायची. पावसात वात विझली की हातात नुसता लोखंडाचा दांडा. तरी हीच बंदूक घेऊन या टापूतल्या लोकांनी निजामाच्या फौजेला दमवलं. हटकर नाईक नवसाजी यांनी नव्ह्याचा किल्ला लढवला तो जानेवारी १८१९ मध्ये. नव्हा म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्यात, हदगावच्या बाजूला, आपल्यापासून फार लांब नाही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज तोफा घेऊन आली, तटाला खिंडार पाडलं आणि किल्ला घेतला. या लढाईचं नाव पुढं त्या पलटणींच्या मानचिन्हावर 'नोवा' म्हणून गेलं. आपल्या पोरांना पानिपत पाठ असतं, नव्हा कुणाला माहीत नसतो, हे जाता जाता.

या फौजेचं पुढं हैद्राबाद कंटिंजंट झालं, आणि तिची एक मोठी छावणी आपल्या हिंगोलीला होती. १८५७ ला ही कंटिंजंट इंग्रजांच्या बाजूनं राहिली, पुढच्या वर्षी मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेत लढलीसुद्धा. १९०३ मध्ये ती मोडून इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळली गेली. हिंगोलीची छावणी उठली.

आता मुद्द्यावर येतो. १८५७ च्या आधी इंग्रजांनी नवी एनफिल्ड रायफल आणली होती. तिच्या चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकलो. शाळेत सांगत नाहीत ती पुढची गोष्ट. बंड मोडल्यावर इंग्रजांनी देशी शिपायांसाठी त्याच घडणीची बंदूक करून घेतली, फक्त नळीतले आटे काढून. दिसायला एनफिल्डच, पण नेम शे-सव्वाशे पावलांच्या पुढं लागायचा नाही. गोऱ्या शिपायाच्या हातात मात्र आट्याची रायफल. तोफखाना तर जवळपास सगळाच गोऱ्यांकडं गेला. तेव्हापासून नियमच झाला : देशी हातात एक पिढी जुनं हत्यार. गोऱ्या पलटणींना १८७१ नंतर मार्टिनी-हेन्री मिळाली. खालचा दांडा ओढला की ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस बसवायचं, दांडा वर, बार. एका गोळीच्या रायफलींमध्ये ती त्या काळची राणीच. पण देशी पलटणींना तेव्हा आधीची स्नायडर मिळाली. गोऱ्यांकडं मॅगझिनची ली-मेटफर्ड आली तेव्हा कुठं मार्टिनी खाली उतरली.

पोलिसांच्या बाबतीत तर कमालच केली. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड घेऊन तिची नळी सपाट केली, दहा गोळ्यांचं मॅगझिन जिथं बसतं तिथं लाकडाचा ठोकळा बसवला, आणि पॉइंट चारशेदहा बोरची एका बाराची मस्केट तयार केली. देशभरातल्या पोलिसांनी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनी ती वर्षानुवर्षं वागवली. हत्यार शिपायाच्या खांद्यावर दिसावं, पण शिपाई उलटला तर एकाच बारात संपावा. मला तर यात सरकारची भीती सरळ वाचता येते.

साध्या माणसासाठी १८७८ चा हत्यार कायदा आला. इंग्रज मुलखात परवान्याशिवाय बंदूक बंद, गोऱ्यांना मात्र सूट. या भेदाविरुद्ध काँग्रेसनं सुरुवातीच्याच अधिवेशनांत ठराव केले. आपल्याकडं निजामाचा अंमल होता. इथं बंदूक म्हणजे जहागीरदार, देशमुख, अरब-रोहिले आणि सरकारी शिकारी यांची मिरासदारी. सहावा निजाम महबूब अली खान नावाजलेला नेमबाज होता. त्याच्या वाघाच्या शिकारीचे लाला दीनदयाळ यांनी काढलेले फोटो आजही बघायला मिळतात. त्या फोटोत हाकारे दिसतात का बघा. रान उठवायला माणूस गावचा, बार साहेबाचा. कुणब्याकडं गोफण, डबा, मशाल आणि जागल.

१९४८ ला तर या भागानं बंदुकीचा वेगळाच चेहरा बघितला. लातूरचा वकील कासिम रझवी, त्याचे रझाकार, सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पाकिस्तानातून रात्री विमानानं आणत असलेली हत्यारं. गावात येणाऱ्या रझाकाराच्या हातात मात्र बऱ्याचदा ठासणीची बंदूक, नाहीतर तलवार-भालाच असायचा. १३ सप्टेंबरला फौज आत आली, १७ ला निजाम शरण आला. आमच्याकडची म्हातारी माणसं याला अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात. त्यानंतर पुष्कळ वर्षं बंदुकीचं नाव काढलं की घरातल्या बायका उठून आत जायच्या, असं मी ऐकत आलोय.

स्वतंत्र सरकारनं १९५९ ला नवा हत्यार कायदा केला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. यात शेतकऱ्याचं नाव पहिल्यांदा धड आलं, म्हणून याचं कलम १३ शेतकऱ्यानं एकदा तरी वाचावं. त्यात म्हटलंय की खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा. ठासणीनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर सपाट नळीची दुसरी बंदूक देता येते, नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको. आणि त्याच कलमात रायफलीचंही आहे, पण ते शेतासाठी नाही. २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत तिथं पॉइंट टू-टूची रायफल नाहीतर हवेची रायफल असं लिहिलेलं होतं, निशाणेबाजीच्या सरावासाठी, मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या सभासदाला. म्हणजे बघा, शेताला एक बार बिनआट्याचा, आणि आट्याची नळी क्लबात. १८५७ नंतरची वाटणी कागदावर तशीच राहिली. फरक एवढाच की आता तिच्यामागं थोडं शहाणपणाचं कारणही आहे, ते पुढं सांगतो.

या परवान्यांवर त्या काळी ठासणीच्या आणि एकनळी बंदुका येत त्या मुंगेरहून. अठराव्या शतकात मीर कासिमनं बिहारातल्या या गावात हत्यारांचा कारखाना घातला, तेव्हापासून तिथले कारागीर बंदुका करतात. बारा बोरची 'शक्तिमान' काडतुसं मात्र आपल्या पुण्याच्या खडकीची, १८६९ पासूनच्या कारखान्यातली.

आमच्या घरातली बंदूक अशीच मुंगेरची ठासणीची. आजोबांनी पीक राखणीच्या परवान्यावर घेतली, नंतर चुलत्यांच्या नावावर झाली. तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगण्यासारख्या. एक म्हणजे गजावरची खूण. नळी रिकामी असताना गज आत किती जातो तिथं आजोबांनी कानशीनं खाच पाडून ठेवलीय. बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा गज आत सोडायचा. खाच नळीच्या तोंडाशी आली नाही, वर राहिली, तर आत बार आहे. ठासणीत बार भरलेला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ही खाच. घरातल्या घरात बार उडून झालेल्या अपघातांच्या गोष्टी जुन्या लोकांकडं भरपूर असतात, आणि बहुतेकांचं कारण हेच.

दुसरी गोष्ट बारुदीची. आपलं खरिपाचं राखणीचं दिवस म्हणजे श्रावण-भादवा. काळी बारूद नेमकी तेव्हाच सर्दावते. टोपी फुटते, बार फुसका. पावसात तर चार वेळा घोडा पाडावा तेव्हा एकदा पेटायची, असं चुलते सांगतात. नंतर नळीत जो काळा चिकटा साचतो तो गरम पाण्यानं धुवायचा, पुसायचा, तेल फिरवायचं. नाही केलं तर आठ दिवसांत गंज. हे सगळं करून एका रात्रीत निघायचे एक नाहीतर दोन बार.

मग उपयोग काय? हा प्रश्न मी चुलत्यांना विचारला होता. ते म्हणाले, "अरे, डुक्कर बंदुकीला भीत नव्हतं, मी रात्रीला भीत नव्हतो." मला वाटतं, या विषयावर यापेक्षा खरं कुणी बोललेलं नाही. बंदुकीनं किती जनावरं मेली हा हिशोबच चुकीचा आहे. बंदुकीच्या जोरावर माणूस माळ्यावर झोपायला जायचा. त्याचं खोकणं, त्याची शेकोटी, त्याचं कुत्रं, आणि मधूनच एक बार, यानं पीक राखलं जायचं. जागल मोडली तसं शिवार रात्री रिकामं झालं. आता माणूस रात्री जातो तो लाईट रात्रीची असते म्हणून, मोटार चालू करून परत.

पण दुसरी बाजू लपवून चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर 'अधिक धान्य पिकवा'च्या काळात आणि पुढंही पीक राखणीचे परवाने देशभर सढळ हातानं दिले गेले. परवाना डुकराचा, आणि बार निघायचा दिवसा काळविटावर. कारण डुक्कर रात्री येतं, जखमी झालं तर उलटून फाडतं. काळवीट उघड्या माळावर शंभर पावलांवर उभं राहतं आणि त्याचं मटण बरं लागतं. या बंदुकांनी काळवीट, माळढोक यांची कशी धूळधाण केली हे त्या काळच्या निसर्ग अभ्यासकांनी कळवळून लिहिलेलं आहे. पुढं जीप आणि सर्चलाईट आली आणि उरलंसुरलं गेलं. 'शेतकऱ्याच्या हातून बंदूक काढली' म्हणून आपण ओरडतो तेव्हा हेही आठवावं. ती बंदूक नेहमी पिकासाठीच वापरली गेली नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ ला, नेमका मोठ्या दुष्काळाच्या साली. आपले लोक खडी फोडायला रोजगार हमीवर जात होते, आणि दिल्लीत हा कायदा होत होता. सुरुवातीला त्यात परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तोही दरवाजा बंद झाला. तेव्हापासून हौसेची शिकार, मग ती ससा-तितराची का असेना, या देशात गुन्हा आहे. जे 'शिकारीसाठी' बंदूक कोणती म्हणून विचारतात त्यांना माझं उत्तर इथंच संपतं.

पिकासाठी वेगळी वाट आहे. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका झालेल्या जनावराला मारण्याची परवानगी वन अधिकारी देऊ शकतो, आणि महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी ती वाट जरा सोपी केली. लेखी परवानगी लागते, आणि मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. ते घरी नेलं, वाटून खाल्लं, की तुम्ही शेतकरी राहत नाही, आरोपी होता. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या वाटेला जाऊच नका.

आता समजा परवानगी मिळाली. बार कुणी टाकायचा? २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकामाच्या टापूत दोनशेच्या वर रोही मारले, तेव्हा नेमबाज बोलावले होते ते हैद्राबादहून. त्यावरून केंद्रातले दोन मंत्री उघड भांडले. एक म्हणे ही हत्येची हौस, दुसरे म्हणे राज्यानंच मागितलं होतं. निजामाच्या राज्यातली शिकारीची विद्या शंभर वर्षांनी सरकारी कामाला आली म्हणायची. पण त्यातून एक कळतं. हे काम आपल्यासारख्यानं ठासणी घेऊन बांधावर बसून करायचं राहिलेलं नाही.

कारण सांगतो. रानडुकराचा कळप माद्यांच्या मागं चालतो, माद्या वर्षा-दीड वर्षात विणीला येतात आणि एका वेळी चार-सहा पिल्लं सहज घालतात. एका बारानं एक डुक्कर पडलं, तरी बाकीचे दहा त्याच रात्री शेजारच्या उसात जातात. पूर्णेच्या कालव्यांनी ऊस आणला, उसानं डुकराला बारमाही घर दिलं. त्याच्या आधी डुक्कर डोंगराच्या कपारीतून उतरून यायचं आणि पहाटे परत जायचं. आता ते आपल्यातच राहतं. पुढं सोयाबीन आलं, मग काय, खाणंही दारात. हळदीला डुक्कर सहसा तोंड लावत नाही, पण गांडुळासाठी सरी उकरून गड्डा उघडा टाकतं, हे माझ्याच रानात बघतोय. रोह्याचं अजून वेगळं. तो खातो त्यापेक्षा जास्त बसून, लोळून, पळून नासवतो. बार ऐकला की अर्धा कोस पळतो आणि पळताना चौघांची शेतं तुडवतो. कृषी खात्याच्या मंडळींनी पीक पद्धती आणि जनावर यांचा हिशोब गावनिहाय मांडला, तर बंदुकीच्या चर्चेपेक्षा जास्त कामाचा होईल.

आणि सपाट नळीमागचं शहाणपण, जे मघाशी राखून ठेवलं होतं. आपला मुलूख उघडा. बांधापलीकडं कुणीतरी पाणी देत असतं, कुणी आखाड्यावर झोपलेलं असतं. बारा बोरचा छर्रा चाळीस पावलांवर काम करतो आणि काही शे पावलांत थकून खाली पडतो. पॉइंट टू-टूची एवढीशी गोळी मात्र नेम चुकला तर दीड किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते. मोठ्या रायफलीची तर दोन-तीन गावं ओलांडायची. म्हणून शेतात आट्याची नळी नको, हे मला पटतं. इंग्रजांनी आटे काढले ते शिपायाच्या भीतीनं. इथं मात्र शेजाऱ्याच्या जिवासाठी तेच बरं.

कर्नाटकातल्या कोडगूचं उदाहरण लोक देतात. तिथल्या कोडवांना आणि जम्मा जमीन असलेल्यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे, २०१९ ला केंद्रानं ती आणखी दहा वर्षं वाढवली. कैलपोळ्द सणाला बंदुकीला फुलं वाहतात, मग नारळ टांगून त्यावर नेम मारायची स्पर्धा होते. आपण खंडेनवमीला कुळव, विळे, कोयते पूजतो तसंच. पण ती सूट निष्ठेच्या बदल्यात मिळाली होती, पिकासाठी नव्हे. आणि डोंगरातली कॉफीची बाग वेगळी, आपलं उघडं रान वेगळं. ती नक्कल इथं चालणार नाही.

तर मग कोणती घ्यावी? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. नवीन ठासणी घेऊ नका. परवाना खरंच मिळत असेल, पोलीस पडताळणी, वर्षावर्षाची धावपळ आणि प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा करायची तयारी असेल, तर मोडून उघडणारी एकनळी बारा बोर. तिचं कारण नेम नाही, तर ती उघडली की भरलेली आहे का रिकामी हे डोळ्यांना दिसतं. रात्री झोपेतून उठलेल्या माणसासाठी एवढीच गोष्ट महत्त्वाची. दुनळीचा मोह नको. आणि ज्यांना परवाना मिळत नाही म्हणून जे तारेत थेट वीज सोडतात, त्यांना हात जोडून सांगतो : त्या तारेला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. सौर झटका मशीन वेगळी, तिचा झटका क्षणभराचा असतो. थेट लाईन म्हणजे खून. कणकेत गुंडाळलेले गावठी बॉम्ब आणि पाइपात कार्बाईड टाकून केलेली गनसुद्धा नको. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्या कार्बाईडच्या खेळण्यानं किती पोरांचे डोळे गेले ते सगळ्यांनी वाचलंय.

ज्याला नेमाचाच नाद आहे त्याच्यासाठी मात्र एका बाराची रायफल जिवंत आहे, आणि तिचं घर क्लबात आहे. ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर रायफलीत प्रत्येक गोळी हातानं एकेक भरावी लागते. मार्टिनीच्या काळातली शिस्त, नळी फक्त पॉइंट टू-टूची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला याच अंतरावर पडून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून अशा तिन्ही प्रकारांत मिळून कांस्य घेतलं. तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. कांबळवाडी काही आपल्या गावांपेक्षा मोठी नाही. सुरुवात हवेच्या रायफलीनं, दहा मीटरवर होते. पॉइंट एकशेसत्त्याहत्तर बोरची आणि वीस ज्यूलच्या आतल्या ताकदीची हवेची रायफल असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणं परवाना लागत नाही. पण ती कागदाच्या चकतीसाठी. कबूतर, मोर, खार यांच्यावर धरली की पुन्हा वन्यजीव कायदा. ज्या तालुक्यात विश्वाची थरथर मोजणारी लिगोची वेधशाळा उभी राहतेय, तिथं दहा मीटरची एक साधी रेंज, शाळेच्या एका लांब खोलीत, होऊ नये का? मातीच्या पोत्यांची भिंत आणि एक जबाबदार मास्तर, सुरुवातीला एवढं पुरे.

घरच्या बंदुकीचं काय, हा माझा चालू प्रश्न आहे. २०१६ च्या नियमात परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा त्यानं पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की त्याला वारसाच्या नावावर ती करता येते. चुलते दोन्हींत बसतात. त्यांना वाटतं मी घ्यावी. मी कागद आणून ठेवलेत. गेल्या अकरा वर्षांत त्या बंदुकीतून बार निघालेला नाही. ती निघते ती निवडणुकीला ठाण्यात जायला आणि खंडेनवमीला पाटावर बसायला. मला ती सरकारजमा करावीशी वाटते, आणि गज तेवढा ठेवून घ्यावासा वाटतो, खाचेसकट. चुलत्यांनी अजून कशावरच सही केलेली नाही. हरभरा निघाल्यावर बोलू म्हणतात.